शनिवारचा स्तंभ

नेरे गावच्या शाळेत विठ्ठलराव गुरुजींनी मुलांना स्तंभालेख शिकवला. रोज झोपताना घरातला विजेचा मीटर वाचायचा, आकडा कागदावर लिहायचा आणि वर दिवसभराच्या विजेचा स्तंभ रंगवायचा. पालकसभेत त्यांनी रेश्माचा कागद वर धरला. "शनिवारचा स्तंभ बघा, किती बुटका! कशी वाचवता गं वीज?"

रेश्मा खाली मान घालून उभी राहिली. मागून तिचे वडील कोंडाजी हसले. "शनवारी पगार झाला का मी पिऊन येतो, गुरुजी. तवा ह्या मायलेकी मामाकडं पळत्यात. दाराला कुलूप असतंय, मी आपला ओट्यावर पडतो. दिवा कोन लावनार?"

गुरुजींनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. शनिवारी रात्रीचा मीटरचा आकडा रेश्माच्याच अक्षरात होता. म्हणजे बाहेरून कुलूप लावलेल्या त्या घरात, मागच्या दारानं शिरून, अंधारात, दोघी बसलेल्या असत. रेश्मा आता गुरुजींकडेच बघत होती.

"बघू तरी पोरीनं काय काढलंय," म्हणत कोंडाजी पुढे आले.

गुरुजींनी पेन्सिलीनं तो आकडा खोडला. "शनिवारचा आकडा मनानंच लिहिलास ना? सगळा आलेख चुकला तुझा."

"व्हय गुरुजी," रेश्मा घाईघाईनं म्हणाली, "चुकला."