दारात कोण?

अंकितानं विश्रामबागेतल्या खोलीवर बसून गोष्टी रचायचा पत्त्यांचा खेळ तयार केला आणि चाचणी घ्यायला गावी कुंडलला आई-वडिलांसमोर मांडला. पत्ता उचलायचा, त्यावरून गोष्ट रचायची, मग बाकीच्यांनी एकेक प्रश्न विचारायचा.

आईला पत्ता आला, 'दारात कोण?'

"एक बाई. कडंवर दोन वर्सांची पोर. म्हणाली, हिला सांभाळा, मी माघारी येणार न्हाई."

आई एकदाही अडखळली नाही. अंकिताला नवल वाटलं.

"माझा प्रश्न," वडील घाईनं म्हणाले, "चहा कवा टाकतीस?"

आता मात्र अंकिताला संशय आला.

"आई, त्या पोरीचं नाव काय ठेवलं?"

आईनं पत्ता पालथा ठेवला.

"तिच्या आईनं ठेवलेलंच आमी ऱ्हाऊ दिलं, अंकिता."