तरसचा पाचवा माणूस

शेवटचं पान बहिणीच्या टेबलावर होतं आणि संपादक मागच्या खुर्चीत दबा धरून बसला होता. पाच वाजेपर्यंत पान छापखान्यात पोचलं पाहिजे, हे त्याने आल्यापासून तीनदा सांगून झालं होतं. बहिणीने तिन्ही वेळा मान डोलावली होती आणि ब्रश आपल्याच चालीने चालवला होता.

भाऊ पेन्सिलने काढायचा, बहीण त्यावर शाई चढवायची. अकरा वर्षं दोघं मिळून ‘तरस’ ही चित्रकथा काढत होते. तरस म्हणजे डोक्यावर इनाम लागलेल्या गुंडांना हुडकून मारणारा घोडेस्वार. इनाम हे निमित्त. त्याच्या धाकट्या भावाला ज्या पाच जणांनी जिवंत जाळलं होतं, ते त्याला हवे होते. एकाला त्याने घोड्यामागे बांधून फरफटत नेलं, एकाला विहिरीत उलटं टांगलं, दोघांना जेवणाच्या ताटावरच गोळ्या घातल्या. दयामाया हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता, आणि पोरं त्याच्यावर जीव टाकायची ती त्यासाठीच. आज पाचव्याची पाळी होती.

“रक्त जरा बेतानं, ताई,” संपादक म्हणाला. “आईबापांची पत्रं येताहेत.”

“काळ्या शाईत रक्त कुठलं आणि सावली कुठली, ते आईबापांना कळत नाही,” ती म्हणाली. “पोरांना कळतं.”

खिडकीपाशी भाऊ बॅग भरत होता. दोन सदरे, टॉवेल, चष्म्याचं घर, तपासण्यांची फाइल. उद्या सकाळी आठ वाजता डॉक्टर त्याची छाती उघडणार होते. त्याविषयी घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं. चपला नव्या न्यायच्या की जुन्या, यावर मात्र सकाळपासून खल चालला होता.

बहिणीने तरसची हॅट भरली, कोट भरला. बंदुकीची नळी तर तिने एका श्वासात, एकाच फटकाऱ्यात ओढली. संपादकाने खुर्ची पुढे सरकवली. आता एकच चौकोन उरला होता. त्यात पाचवा माणूस गुडघे टेकून, हात जोडून बसला होता. तिने ब्रश शाईत बुडवला आणि तो कागदाच्या वरच थांबला.

“दादा, याची मिशी कुठाय?”

“कुणाची?”

“पाचव्याची.”

भाऊ चेहरे आरशात बघून काढायचा. घाबरलेला, चवताळलेला, गोळी लागलेला, प्रत्येक चेहरा तो आधी स्वतः करून बघायचा. त्यामुळे तरसने मारलेला प्रत्येक गुंड मुळात भाऊच असायचा. मग कुणाला मिशी, कुणाला दाढी, कुणाला फुटका डोळा चढवला की काम भागायचं. वाचकांना याचा पत्ताही नव्हता. बहीण मात्र “आज कितव्यांदा मेलास?” असं विचारून खुशाल शाई फिरवायची.

“राहिली वाटतं,” भाऊ बॅगेची चेन ओढत म्हणाला. “लाव तूच एखादी.”

तिने पुन्हा पाहिलं. मिशी लावून निभावण्यासारखं ते नव्हतं. डोळ्यांखालची सूज दादाची होती, खांदे त्याचे होते, आणि सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. हा गडी पान संपवून, आवराआवर करून कायमचा निघाला होता. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून त्याचा भयंकर राग आला.

तिने ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला पुसला आणि शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“हे काय?” संपादक उठून उभा राहिला. “एवढा एकच चौकोन राहिलाय.”

“राहू दे. याला मी आज मारणार नाही.”

“ताई, पाचव्याला सोडला तर वाचक आपल्याला फाडून खातील.”

“सोडतंय कोण? दादा घरी आला की मारू. तो इथं माझ्यासमोर बसेल, मग मी शाई घालीन.”

“आणि अंकाचं काय?”

“अकरा वर्षं थांबलाय तरस. आणखी महिनाभर थांबेल. तसं छापा हवं तर मुखपृष्ठावर.”

संपादक भावाकडे वळला. “मास्तर, तुम्ही तरी सांगा यांना.”

भाऊ टेबलापाशी आला आणि पानावर वाकला. एका बाजूला काळीभोर नळी, आणि तिच्यासमोर पेन्सिलीचा तो फिकट माणूस. मग त्याने बहिणीला कोपराने ढकलून बाजूला केलं आणि तिच्या स्टुलावर बसला.

“चुकलंय खरं,” तो म्हणाला.

“मिशीच ना?”

“हात.”

त्याने रबर उचलला आणि जोडलेले हात पुसून टाकले. रेघा दाबून काढल्या होत्या, सहजी जात नव्हत्या. पाठोपाठ गुडघेही पुसले. कागदावरचा भुगा फुंकून त्याने पेन्सिल घेतली. आरशात एकदाही बघितलं नाही. बघता बघता पाचवा माणूस दोन पायांवर उभा राहिला, आणि त्याच्या हातात आलेलं पिस्तूल थेट तरसच्या छातीवर रोखलेलं होतं.

संपादकाला पाच वाजल्याचं भान राहिलं नाही. “पण मास्तर,” त्याने विचारलं, “आता आधी गोळी कोण झाडणार?”

“ते मी आल्यावर बघू,” भाऊ म्हणाला. “पण तरसला यावेळी सोपं जाणार नाही.”