आभाच्या बाजूचा उजेड

लख्खकन उजेड पडला आणि आभाच्या पायांची अढी सुटली. डोकं खाली, दोन्ही हात मोकळे, अशी ती मल्लखांबाच्या दोरीवर लटकली होती. कशीबशी दोरी धरून ती घसरत खाली आली आणि गादीवर बसून तळहात चोळत डोळे मिचकावू लागली.

मल्लखांब शिकवणाऱ्या संयोगिताबेननी शिट्टी वाजवली. "बस! काढा ते दिवे. उद्या स्पर्धेत मला एकही दिवा नको."

हॉलच्या टोकाला नववीतली मालविका कॅमेरा धरून उभी होती. शाळेच्या भिंतीवर क्रिकेटचे फोटो होते, धावण्याचे होते, दोरीच्या मल्लखांबाचा एकही नव्हता. या हॉलमध्ये उजेडच कमी. मागच्या वर्षीच्या फोटोत आभा म्हणजे दोरीला लागलेला मातकट डाग. म्हणून यंदा मालविकाने विश्वंभर सरांचे दोन फ्लॅश मागून आणले होते आणि बडोद्याच्या लहरीपुरा बाजारातून आणलेल्या जाड नाडीने गॅलरीच्या कठड्याला घट्ट बांधले होते.

विश्वंभर सर म्हणजे निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. मुलांना फोटो काढायला शिकवायला अजून शाळेत येत. ते भिंतीशी बाकावर बसले होते.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं ने, दिवा उंच लावला की डोळ्यांत जात नाही?" मालविकाने विचारलं.

"सांगितलं होतं. मग आज का गेला?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. जिच्या डोळ्यांत गेला तिला विचार."

मालविका गादीपाशी गेली. आभा म्हणाली, "खालून आला तो. गालाकडून, थेट डोळ्यांत."

"खालून कसा येईल? दिवे वर आहेत."

"तुझं वर गं. मी उलटी असते, बाई!"

मालविकाने कॅमेरा सरांच्या हातात दिला, गॅलरीकडे पाठ केली, पाय फाकवले आणि वाकून पायांमधून मागे पाहिलं.

सरावाला आलेल्या मुली खिदळल्या. त्यांच्यातली भक्ती म्हणाली, "मालविकाच्या घरी पाहुणे येणार! आमचं बाळ असं वाकलं की आजी हेच म्हणते."

मालविकाला ऐकू गेलं नाही. सरळ उभं असताना भुवया डोळ्यांवर छत धरतात. उलट्या डोळ्यांना छतच नव्हतं. दोन्ही फ्लॅशच्या काचा तिच्याकडे रोखून बघत होत्या.

"सर, तुम्ही बघा ना असं!"

सर उठले, वाकायला लागले. कंबर अर्ध्यावर थांबली. "तुझ्यावर विश्वास आहे माझा," असं म्हणत ते परत बसले.

मालविकाने एक फ्लॅश सोडून उलट्या आभाच्या भुवयांच्या बाजूला, म्हणजे फरशीवर ठेवला; पण दोरीवर मुली सरळही असतात, म्हणून उभ्या भक्तीचा फोटो काढून पाहिला. हनुवटी पांढरीफटक, कपाळ काळं.

"डाकण!" मुली ओरडल्या. भक्तीला फोटो फार आवडला.

मालविका रडकुंडीला आली. सर काही सुचवतील म्हणून तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. तिनेही तिकडे पाहिलं. झरोक्यातून आलेलं ऊन गॅलरीमागच्या चुन्याच्या भिंतीवर पडलं होतं. तेवढ्या उन्हाने तो सगळा कोपरा उजळला होता आणि भिंतीकडे बघताना डोळे मिटत नव्हते.

ती फरशीवरचा फ्लॅश उचलून गॅलरीत धावली. तो पुन्हा बांधला, दोन्ही फ्लॅशची तोंडं भिंतीकडे फिरवली, जोर वाढवला. खाली येऊन तिने बटण दाबलं. अख्खा हॉल उजळला, पण दिवा कुठे आहे ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"बेन, आता?"

"मला नको विचारू. आभा हो म्हणाली तरच." मग बेन आभाकडे वळल्या. "आणि नाही म्हणालीस तरी चालेल हं."

आभा लाल झालेल्या तळहातांकडे बघत राहिली. "परत पाय सुटले तर?"

भक्ती दोरीपासून चार पावलं लांब गेली, पाठ फिरवून वाकली आणि पायांमधून म्हणाली, "चाल ने. तू वर उलटी, मी खाली उलटी. माझ्या डोळ्यांत गेला तर आधी मी ओरडेन."

दुसरी मुलगी वाकली. तिसरी वाकली. दोरीच्या चारी बाजूंना मुली वाकून उभ्या राहिल्या.

"अरे, आज तर सगळ्या बडोद्यात पाहुणे येणार!" बेन म्हणाल्या. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, शिट्टी तोंडात धरली आणि त्याही वाकल्या.

आभा दोरीवर चढली. अढी घातली, दोनदा ओढून पाहिली. डोकं खाली सोडलं. मग एक हात सोडला, मग दुसरा.

उजेड पडला.

दोरी जराशी हलली. पाय हलले नाहीत.

"आणखी एक काढ," आभा म्हणाली. "आत्ता मी हसले नव्हते."

मालविकाने आणखी एक काढला. मुली कमरा चोळत सरळ झाल्या. आभा मात्र उतरेना. "आधी दाखव ने!"

मालविका पळत गेली आणि तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरला. फोटोत मधोमध आभा होती, आणि मागे वाकलेल्या मुलींचे, शिट्टीसकट बेनचे, पायांमधून डोकावणारे चेहरे.

लटकल्या लटकल्याच आभाने तो खूप वेळ पाहिला.

"कसा आलाय गं?" बेननी विचारलं.

"मस्त," आभा म्हणाली. "यात आपण सगळ्या सरळच आहोत."