बाबांचा बुधवार

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर तीन महिने बाबांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. लालबागच्या आमच्या चाळीतली अर्धी पोरं त्यांच्याकडेच इंग्रजी शिकलेली, म्हणून स्पीच थेरपीच्या मॅडमनी आज इंग्रजी शब्दांची कार्डं आणली. पहिलंच कार्ड बुधवारचं.

"काका, म्हणा, वेन्सडे."



बाबांची शिकवायची पद्धतच वेगळी होती. स्पेलिंग चुकू नये म्हणून शब्द जसा लिहिलाय तसाच ते तोडून तोडून म्हणायचे, आणि आम्ही पोरं मागोमाग एकेक अक्षर घोकायचो. कॉलेजात मी एकदा तसाच उच्चार केला आणि अख्खा वर्ग हसला. घरी येऊन मी बाबांवर भडकले, "माझ्या मैत्रिणींसमोर असलं इंग्रजी बोलत जाऊ नका." ते पुढे खरंच कधी बोलले नाहीत.

"काका, वेन्सडे," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

मी खुर्ची बाबांच्या जवळ ओढली आणि गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बाबा, वेड-नेस-डे."

बाबांची मान वर झाली. जड जिभेने, थांबत थांबत ते सुरू झाले, "डब्ल्यू... ई... डी..." मॅडम वहीत नोंद करायचं विसरल्या. बाबा पार 'वाय'पर्यंत पोचले, आणि मग एकदम गप्प झाले. मॅडमकडे बोट दाखवून त्यांनी मला हळूच विचारलं, "तुझी... मैत्रीण?"