पाहुण्यांची बाथरूम

दिव्याचं बटण दाराच्या मागे, पार कोपऱ्यात होतं. सजावटवालीचा हात न बघताच तिथे गेला.

"अय्या, लगेच सापडलं तुम्हाला?" घराची मालकीण म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर भिंत चाचपत होते."

"धंद्याची सवय," सजावटवाली म्हणाली आणि तोंडावरचा धुळीचा मास्क जरा वर ओढला.

सवय धंद्याची नव्हती. ती या घराची पहिली सून. "घरची बाथरूम घरच्यांना, तू अजून पाहुणीच," असं सासूबाईंनी तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, आणि घटस्फोट होईपर्यंत तिचं काही प्रमोशन झालं नव्हतं. गीझरचं बटण बाहेर पॅसेजमध्ये. तिने डोक्याला शाम्पू लावला की सासूबाई ते बाहेरून बंद करायच्या. वीज वाचायची. नवऱ्याला सांगायला जावं तर तो म्हणायचा, "आईचंही बरोबर आहे."

आता सासूबाईंचे गुडघे जिना चढेनात. खालची पाहुण्यांची खोली त्यांची झाली होती, आणि ही बाथरूमही. सध्या त्या लेकीकडे गेल्या होत्या. मुलगा दौऱ्यावर. म्हणजे घरात तिला ओळखणारं कुणीच नाही. असं काम फोन करून आपल्या पायाने चालत आलं, तेव्हा सजावटवाली खुर्चीतून उठून एकदा गोल फिरली होती.

"बजेट फार नाही हं," मालकीण म्हणाली. "पण आईंच्या लक्षात राहील असं करा."

"जन्मभर विसरणार नाहीत."

कमी बजेट ही फार सोयीची गोष्ट आहे. वाटेल तो दुष्टपणा त्यात काटकसर म्हणून खपतो.

सासूबाईंना पाडायचं मात्र नाही, हे सजावटवालीने आधीच ठरवलं होतं. पडलेल्या माणसाला भेटायला लोक फळं घेऊन येतात. तिला त्यांना नुसतं चिडवायचं होतं. रोज, थोडं थोडं. म्हणून फरशी उरल्यासुरल्या मालातली, अनवाणी पायाला किसणीसारखी. घसरायची सोयच नाही. आरसा जुन्या बाजारातला, आणि इतका उंच की बुटक्या सासूबाईंना त्यात स्वतःचा फक्त भांग दिसावा.

"वर नाही का झाला जरा?" मालकिणीने विचारलं.

"खाली ओल असते. पारा उडतो."

"असं होय. मग अजून एक वीत वर घ्या. पारा तरी टिकेल."

साबणदाणी तिने किंचित उतरती बसवली. साबण ठेवला की तो क्षणभर विचार करायचा आणि मग सावकाश खाली उतरायचा.

"पाणी निथळायला बरं," सजावटवाली म्हणाली.

मालकिणीने स्वतः साबण ठेवून पाहिला. साबण उतरला. कोपऱ्यापर्यंत गेला. "छान निथळतो," ती म्हणाली.

नळ जुनाच, स्वस्तात मिळालेला. सोडला की आधी वरचा शॉवर डोक्यावर सुरू व्हायचा, मग मनात आलं तर खाली पाणी. सासूबाई रंगवलेल्या केसांना रोज पाणी लागू देत नसत, हे सजावटवाली विसरली नव्हती.

मालकीण इतकी भाबडी निघाली की सजावटवालीला तिचंच वाईट वाटायला लागलं. उद्या सगळी बोलणी हिलाच खावी लागणार.

"त्रास देतात का हो सासूबाई?"

"छे हो. आईंचं मन मोठं आहे."

"आणि साहेब? ते काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? म्हणतात, आईचंही बरोबर आहे."

मास्कच्या आत सजावटवालीने ओठ चावला.

"गीझरचं बटण आत घ्यायचं तर भिंत फोडावी लागेल," ती सावरून म्हणाली.

"मग राहू दे की बाहेर. उगाच खर्च."

शेवटच्या दिवशी ती हत्यारं पिशवीत भरत होती, तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली.

"अगं बाई, सांगायचंच राहिलं," मालकीण म्हणाली. "आई आजच येतायत. तुम्ही स्वयंपाकघरात थांबा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

सजावटवाली फ्रिजच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. बाहेरून तो आवाज आला. कित्येक वर्षांनी, पण तसाच.

"आधी अंघोळ करते. बघू तरी काय दिवे लावलेत."

बाथरूमची कडी लागली.

"हा आरसा जिराफासाठी लावलाय का गं?"

"ओल असते आई, खाली."

"आणि ही फरशी? पाय सोलून निघाले माझे." मग पाण्याचा आवाज. मग सासूबाईंचा. "अगं, वरून पाणी येतंय, वरून. गेले माझे केस."

"भिजलेच आहेत तर धुऊनच टाका ना आई. शाम्पू तिथेच आहे."

मग पुटपुटणं, साबण कुठे पळाला याची चौकशी.

शाम्पू. सजावटवालीला राहवेना. ओळखलं तर ओळखलं. ती चवड्यांवर चालत पॅसेजमध्ये आली आणि तिचा हात, न बघताच, गीझरच्या बटणाकडे गेला.

तिथे आधीच एक बोट होतं. बटण बंद होतं.

"अगं, पाणी गार झालं," आतून सासूबाई ओरडल्या. "डोळ्यांत फेस गेलाय माझ्या."

"लाइट गेले वाटतं, आई," मालकीण म्हणाली. बाथरूमच्या दाराखालून दिव्याचा लख्ख उजेड येत होता.

मग ती वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "मास्क काढा आता, ताई. रोज ऐकवतात मला, पहिलीला सगळं यायचं. म्हटलं, तिलाच बोलवावं."