तेवढेच मार्क

पोरांची डोकी पणाला लावून तुम्ही स्टेडियम भरता, कोचसाहेब.

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याआधी टीव्हीवर दोन्ही कॉलेजांच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूंची, तुलना चालली होती.

"ताई, हात त्या ब्रॅक्स्टनचा भारी, पण छाती आपल्या वेस्लीची," रॉइस बहिणीला, डार्लीनला म्हणाला. "गेल्या शनिवारी डोक्यावर आपटला, तरी उठून खेळला गडी. परवा स्मरणशक्ती तपासली, तर सीझनआधी होते तेवढेच मार्क. भाचा ठणठणीत आहे माझा."

डार्लीनच्या हातातला बार्बेक्यूचा घास हातातच राहिला. पुढे डोक्याला मार लागून मार्क घसरले, तरी फरक दिसून बाकावर बसावं लागू नये, म्हणून सीझनआधीच्या तपासणीत पोरं मुद्दाम चुकीची उत्तरं देतात. वेस्लीनेच तिला हसत हसत सांगितलं होतं.

तिने कोचला फोन लावला.



"तेव्हा तो मुद्दाम चुकला होता, साहेब. आता का चुकला?"