डावीकडं खाली

सगळे छर्रे टार्गेटच्या डाव्या बाजूला, खाली लागले होते. काळ्या गोलात एकही नव्हता.

"हात बरा आहे पोरीचा," माणिकप्पा म्हणाले. "एकाच जागी लागतायत बघा. पिस्तुलातच खोट असंल." आपण आपल्याच दुकानातल्या मालाला नावं ठेवतोय, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. "म्हंजे खोट न्हाय. साइट सेट करावी लागंल."

दुकानात पुढं बॅटी आणि कॅरम बोर्ड, मागच्या बोळात वाळूची पोती रचून केलेली दहा मीटरची जागा. अनसूयाबाई पोत्यांपासून शक्य तितक्या लांब उभ्या होत्या.

"याला परवाना नक्की लागत नाही ना?"

"हवेवर चालतंय, ताई. आधार कार्ड दिलं की झालं."

रविवारच्या नेमबाजीच्या निवड चाचणीला स्वतःचं पिस्तूल न्यायचं होतं. निवड झाली तर त्यांच्या लेकीला, देवश्रीला, संभाजीनगरच्या क्रीडा वसतिगृहात राहायला मिळणार होतं. म्हणून अनसूयाबाईंनी दुकानातलं सगळ्यात स्वस्त पिस्तूल काढायला सांगितलं होतं. आता ते घ्यावं की नाही, हेच कुणाला कळत नव्हतं.

माणिकप्पांनी साइटचा स्क्रू फिरवला. दोन छर्रे जरा उजवीकडं सरकले, तिसरा पुन्हा डावीकडं खाली गेला. मग त्यांनी दुसऱ्या डबीतले छर्रे दिले. मग पिस्तुलाची मूठ बदलली आणि देवश्रीच्या डाव्या डोळ्यावर झापड लावली.

"आता टांग्याच्या घोड्यासारखी दिसतीय मी," देवश्री म्हणाली. तिनं चाप ओढला. पुन्हा तेच.

"काका, एका वेळी एकच गोष्ट बदला ना. सगळंच बदललं तर चुकतंय काय, ते कळणार कसं?" ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. "आणि दर वेळी नेम मीच धरतीय. एकदा माणूस बदलून बघायला पाहिजे."

"मग वडलांना बोलवून घे की. बाप्यामाणसाचा हात जरा—"

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

माणिकप्पांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि छर्ऱ्यांची डबी उगाच हलवली.

"आई, तू मार."

"मी? मला डास मारायची बॅट धड चालवता येत नाही."

पण त्यांनी पिस्तूल घेतलं. देवश्रीनं त्यांचा हात सरळ करून दिला. अनसूयाबाईंचे छर्रे लांबलांब पसरले, पण सगळे डावीकडं, खालीच.

"म्हणजे मी नाही," देवश्री म्हणाली. कितीतरी वेळानं तिचा चेहरा मोकळा झाला. "पिस्तूलच वाकडं आहे."

माणिकप्पांना ते लागलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि स्वतः तीन छर्रे मारले. तिन्ही काळ्या गोलात, एकमेकांना चिकटून.

तिघंही टार्गेटजवळ जाऊन उभे राहिले. एकच पिस्तूल, तेच छर्रे, तोच उजेड.

"ह्याला आता काय म्हणायचं?" अनसूयाबाई म्हणाल्या.

माणिकप्पांनी डोकं खाजवलं. मग पाठमोरे होऊन त्यांनी पिस्तुलाशी काहीतरी खटपट केली आणि ते अनसूयाबाईंच्या हातात दिलं. "भरलंय का न्हाय, ते सांगणार न्हाय. मारा."

त्यांनी चाप ओढला. नुसतं टक् झालं. छर्रा नव्हता, हवा नव्हती, तरी नळीनं खाली डुबकी मारली. अनसूयाबाई स्वतःलाच हसल्या.

माणिकप्पांनी पिस्तूल घेऊन पुन्हा पाठ फिरवली, तशीच खटपट केली आणि ते देवश्रीला दिलं. "आता तू."

देवश्रीनं पाय रोवले, श्वास सोडला. बोट हललं. टक् व्हायच्या आधीच तिचे डोळे गच्च मिटले, हनुवटी छातीत गेली, डावा खांदा कानापर्यंत वर आला. नळी खाली गेली.

अनसूयाबाईंचं हसू थांबलं.

"पिस्तूल चोख आहे," माणिकप्पा सुटल्यासारखे म्हणाले. "तुमी दोघी आवाज व्हायच्या आदीच दचकताय, बस्स. सरावानं जातंय ते." ते पुन्हा छर्रे भरू लागले. "पण लईच अंग चोरती ही. ल्हानपणी फटाक्याबिटाक्यानं भाजलं हुतं का?"

"नाही," देवश्री म्हणाली.

अनसूयाबाई तिच्या डाव्या खांद्याकडं बघत होत्या. तो अजून पूर्ण खाली आला नव्हता.

"रात्री बाबा घरी यायचे, तेव्हा तू तर झोपलेली असायचीस," त्या म्हणाल्या.